पाहण्याचे शिक्षण

शाळेतील मुलाला निसर्गचित्र काढावयास सांगितले की दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि तिच्या काठी झोपडी हा ठरीव देखावा पाच मिनिटांत कागदावर उतरतो. अलिबाग-मुरूडकडील मुलेही हेच चित्र काढतात. ज्यांच्या डोळ्यांदेखत सूर्य रोज समुद्रात बुडतो, त्यांच्या चित्रात समुद्रच नसावा, हा आपल्या कलाशिक्षणाचा मोठाच पराभव होय.

यथार्थ निसर्गचित्रण आपल्याकडे नवे नाही. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली स्थापन झाले. तेथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले आणि तेथील कोटितीर्थाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगविला. तळे तेच, पण प्रकाश दर वेळी निराळा. चित्रविषय दारातच असतो, हे त्यांच्या साधनेवरून शिकण्यासारखे आहे.

या अभ्यासाला तैलरंगासारखे साधन नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. त्यामुळे चुकलेली छटा खरवडून पुन्हा लावण्यास सवड मिळते. मात्र शिस्त पाळावी लागते. खालचे थर टर्पेंटाईनने पातळ केलेले आणि वरचे अधिक तेलाचे, हा क्रम उलटला तर कालांतराने रंगाला भेगा पडतात. कोकणच्या दमट हवेत धीर थोडा अधिकच धरावा लागतो.

हाताआधी डोळ्याला वळण लागावे लागते. अलिबागच्या किनाऱ्यावर डोळे किलकिले करून पाहिले, की तपशील विरतात आणि उजेड-सावलीचे मोठे पट्टे उरतात. कुलाबा किल्ल्याचा तट आपण काळा समजतो. सकाळच्या उन्हात तो तांबूस आणि मावळतीला जांभळट-करडा दिसतो. ओहोटीची ओली वाळू आकाशाचा रंग घेते. सुरूच्या बनाचा हिरवा रंग नळीतून तयार मिळत नाही. निळ्या-पिवळ्यात किंचित तांबडा मिसळावा तेव्हा तो साधतो.

तैलरंग महाग पडतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु तांबडा, पिवळा, निळा, पांढरा एवढे चार रंग आणि सरस लावलेला पुठ्ठा आरंभाला पुरतो. मोबाईलमध्ये छायाचित्र क्षणात निघत असता ही यातायात कशासाठी, असेही कोणी विचारील. छायाचित्र न पाहताही काढता येते. चित्र काढणाऱ्याला तासभर पाहावेच लागते.

आज या पाहण्याची निकड अधिक आहे. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई या जिल्ह्याच्या आणखी जवळ आली. २०२५ साली खांदेरी किल्ल्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट. पण त्यासमोरच्या किनाऱ्यावरील भातखाचरे, खाजणे, नारळी-पोफळीच्या वाड्या यांचा वारसा कोण जपणार? जे कधी निरखून पाहिलेच नाही, ते नाहीसे झाले तरी त्याची हळहळ कोणाला वाटत नाही.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत स्मरणचित्राला स्थान आहे. स्मरणात राहावे असे काही मुलांना आधी दाखविले पाहिजे. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने महिन्यातून एक सकाळ मुलांना कागद-रंगांसह समुद्रावर न्यावे आणि वरच्या वर्गांच्या हाती तैलरंग द्यावेत. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.