मन कुणाच्या बापाचं?

वस्तीतला पोरगा विचारतो, एम.ए. सायकॉलॉजी करू का? शहाणे म्हणतात, पोट भरलेल्यांचं खूळ! मी मॅट्रिक, गोदीत ओझी वाहणारा. मी म्हणतो, कर. पण हिशेब मांडून कर. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. मान्यता असलेला वेगळा कोर्स आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. भाकरी उशिरा मिळेल.

तरी जा. २०१६ साली रोहित वेमुला गेला, तेव्हा रूपनवाल आयोगाला त्यात वैयक्तिक वैफल्य दिसलं. जात विद्यापीठात, आजार मात्र आमच्या डोक्यात! हे निदान खोडणार कोण?

बाबासाहेब शिकले त्याच कोलंबियात केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळं जोडपं सायकॉलॉजीत डॉक्टर झालं. त्यांनी काळ्या पोरांपुढं काळी-गोरी बाहुली ठेवली. बहुतेकांनी गोरीच चांगली म्हटली. जखम मोजली गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतली वर्णविभागणी मोडली, त्या निकालात क्लार्कचा दाखला आहे.

डिग्री भिंतीवर टांगायची असेल, तर दोन वर्षं फुकट. आमची जखम मोजून कोर्टात उभी करायची असेल, तर पोरा, उद्याच फॉर्म भर.