सुट्टीत भूकही रजेवर जाते काय?

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते त्या दिवशी महाराष्ट्रातील सरकारी व अनुदानित शाळांच्या चुलीही विझतात, आणि जूनच्या मध्यापर्यंत त्या पुन्हा पेटत नाहीत. ज्यांची दुपार शाळेतल्या खिचडीवर निघते अशी मुले या दीड महिन्यात काय खातात? हा प्रश्न शिक्षण खात्याचा नाही, कारण शाळा बंद आहे. महिला व बालविकास खात्याचा नाही, कारण मूल सहा वर्षांवरचे आहे. पुरवठा खात्याचाही नाही, कारण त्या खात्याच्या लेखी मूल म्हणजे शिधापत्रिकेवरील एक नाव. तीन खात्यांच्या मधल्या या फटीत दरवर्षी लाखो मुले पडतात, आणि जून उजाडला की कोणतीही विचारपूस न होता पटावर पुन्हा हजर होतात.

ही फट कायद्यानेच ठेवलेली आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या पाचव्या कलमाने आठवीपर्यंतच्या मुलांना रोज एक मोफत मध्यान्ह भोजन हा हक्क दिला, आणि त्याच वाक्यात ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ अशी मेख मारली. आता याच कलमाची दुसरी बाजू पाहा. सहा वर्षांखालील मुलाला अंगणवाडीतून आहार मिळतो तो वर्षातील तीनशे दिवसांच्या हिशेबाने. तेथे शाळेची उन्हाळी सुट्टी आड येत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या बालकाला मे महिन्यात भूक लागते हे शासनाला मान्य आहे. तेच बालक पहिलीत गेले की मात्र त्याची भूक शाळेबरोबर रजेवर जाते, असा या शासनाचा समज असावा. कोणत्या आहारशास्त्रज्ञाने हा सल्ला दिला, हे संसदेत विचारायला हवे होते. पक्षोपपक्षांच्या कोणाही धुरिणाने या चार शब्दांसाठी सभागृह डोक्यावर घेतले नाही, याची नोंद करून पुढे जाऊ.

मध्यान्ह भोजन ही कोणा राज्यकर्त्याची मेहेरबानी नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ही योजना सुरू केली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडे धान्य पडे, तेही हजेरी भरली तर. शिजवलेले अन्न मिळू लागले ते पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने केलेल्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. त्या आदेशात वर्षाला किमान दोनशे दिवस म्हटले होते. उरलेल्या दिवसांचा प्रश्न लगेच उभा राहिला. २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही भोजन द्यावे असे बजावले, आणि १३ मे २०१६ रोजी, स्वराज अभियानच्या याचिकेवर, तेच पुन्हा सांगावे लागले. बारा वर्षांनी तोच आदेश पुन्हा द्यावा लागतो, यावरून पहिल्याचे काय झाले ते समजते. (दुसरा आदेश आला तोवर सुट्टीचे कित्येक दिवस उलटूनही गेले होते.) महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्या भागांतील शाळांत सुट्टीतही अन्न शिजवण्याचे फर्मान निघाले. म्हणजे सुट्टीत मुलांना जेवू घालता येते, हे शासनाला ठाऊक आहे. फक्त त्यासाठी आधी पाऊस पडता कामा नये!

आणि येथेच बुवापाड्याचा प्रश्न उभा राहतो. अंबरनाथ तालुका कोकणातला. येथे पाऊस धो धो पडतो, बारवीचे धरण भरते, त्याचे पाणी कारखान्यांना जाते. या तालुक्याची नोंद दुष्काळाच्या यादीत कशाला होईल? पर्जन्यमान, पेरणी, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती या मोजमापांत बुवापाड्यासारख्या श्रमिक वस्तीतील माणूस कोठेच बसत नाही. त्याच्याकडे पेरायला जमीन नाही, जळायला पीक नाही. त्याचा हंगाम म्हणजे कंत्राटदाराचे बोलावणे.

अंबरनाथ ही महाराष्ट्रातील जुन्या कारखानदारीची नगरी. धरमसी मोरारजीचा रासायनिक कारखाना, विम्कोची आगपेटी, पुढे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना; १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती. एके काळी येथल्या कायम कामगाराला उपाहारगृहाचा हक्क होता, कारखाने कायद्याने दिलेला. आगपेटीचा कारखाना गेला, कायम कामगार गेला, त्याच्या जागी कंत्राटी मजूर आला. उल्हासनगरच्या जीन्स शिलाईच्या धंद्यात तुकड्यावर राबणारी स्त्री तर कोणत्याच हजेरीपटावर नाही. अशा घरातील आईबाप सकाळी सात वाजता बाहेर पडतात. शाळा चालू असते तेव्हा दुपारच्या जेवणाची एक काळजी तरी मिटलेली असते. मे महिन्यात तीही डोक्यावर येते, आणि ती बहुधा दहा-अकरा वर्षांच्या थोरल्या मुलीच्या डोक्यावर येते. धाकट्या भावंडांना भाकरतुकडा करून घालणारी ही मुलगी जूनमध्ये शाळेत परतली नाही, तर शिक्षण खाते तिला ‘गळती’ म्हणून मोजते. दुष्काळ जाहीर करायला याहून वेगळे लक्षण कोणते हवे?

आता पैशाचे रडगाणे ऐकू. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत १ मे २०२५ पासून लागू झालेला शिजवण्याचा दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे. त्यात डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, इंधन सारे आले. धान्य शंभर ग्रॅम, ते केंद्राच्या गोदामातून. रविवार वगळता सुट्टीतील छत्तीस दिवस धरले तर एका मुलाचा खर्च २४४ रुपये. हजार मुलांची वस्ती धरली तर दोन लाख चव्वेचाळीस हजार रुपये आणि छत्तीस क्विंटल तांदूळ. नगरपालिकेच्या एखाद्या प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाला यापेक्षा अधिक पैसे लागतात. हा दर मुळातच तुटपुंजा आहे, तो दुप्पट करावा लागेल. तरीही हा आकडा कोणाची तिजोरी बुडवणारा नाही. उलट तिजोरीच मुलांच्या ताटातून काढून घेत आहे: या योजनेसाठी केंद्रीय अंदाजपत्रकात २०१३-१४ साली १३,२१५ कोटींची तरतूद होती, २०२५-२६ साली ती १२,५०० कोटी झाली. बारा वर्षांत डाळ कोठून कोठे गेली, हे घरातल्या बाईला विचारा.

शिक्षकांना सुट्टीत कामाला जुंपणार काय, असा आक्षेप आपल्याच शिक्षक साथींकडून येतो. तो रास्त आहे. शिक्षकाने खिचडीचा हिशेब ठेवावा हेच मुळात चूक. सुट्टीत तर मुळीच नको. परंतु अन्न शिजवणारी शिक्षक नसतेच. ती स्वयंपाकीण असते. देशभर अशा सुमारे पंचवीस लाख स्वयंपाकी व मदतनीस आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. केंद्राने २००९ साली त्यांचे मानधन महिना एक हजार ठरवले आणि त्याला आजवर हात लावला नाही. महाराष्ट्राने भर घालून ते २५०० केले. तेही वर्षातले दहा महिने. म्हणजे ज्या सुट्टीत मुलाचे जेवण तुटते त्याच सुट्टीत ते रांधणाऱ्या बाईची मजुरीही तुटते, आणि बहुधा ती बाई त्याच वस्तीत राहते, तिचे मूल त्याच शाळेत असते. एका निर्णयाने दोन्ही प्रश्न सुटतात: बारा महिन्यांचे मानधन आणि बारा महिन्यांची चूल. स्वयंपाकिणींची संघटना आणि पालक एकत्र आले, तर हा लढा कोणालाही थोपवता येणार नाही.

मुले गावी जातात, पटसंख्या कळत नाही, अशीही सबब असते. जातात ती जातात. राहणाऱ्यांना उपाशी ठेवण्याचे ते कारण होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजनाचा लाभ देण्याचे ठरवले, त्यासाठी सोळाशे कोटींचा जादा खर्च जाहीर केला. तेव्हा पटसंख्या अडचणीची ठरली नाही. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. ती तर कोणाचाच पट मागत नव्हती.

अमेरिकेचे गोडवे गाणे हे आपले काम नव्हे. पण भांडवलशाहीच्या त्या राजधानीत १९६८ पासून सरकारी खर्चाने मुलांना उन्हाळी जेवण मिळते. त्यातली एक तरतूद उचलण्याजोगी आहे. ज्या भागात निम्मी मुले गरीब घरांतील आहेत, तो सारा भाग पात्र धरतात. मग आलेल्या मुलाला दाखला विचारत नाहीत. त्यातली खोटही ध्यानात घ्यावी. जेवणाचे ठिकाण लांब असले की मुले येत नाहीत, हे तेथे वर्षानुवर्षे दिसले आणि अखेर २०२४ पासून सुट्टीपुरते अन्नासाठीचे पैसे कुटुंबांना देण्याची सोय जोडावी लागली. आपल्याकडे शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या नावाने कंत्राटदाराची गाडी दुरून डबे आणते. उन्हाळ्यात ते अन्न आंबणारच. चूल वस्तीतच हवी, आणि ती बचत गटाच्या बायकांच्या हाती हवी.

आता थोडे आपल्या माणसांशी. उन्हाळ्यात वर्गणी काढून मुलांना जेवण घालण्याचा मनोदय काही उत्साही कार्यकर्ते बोलून दाखवतात. त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. भुकेल्या मुलाला आज जेवू घालू नका असे कोणी म्हणणार नाही. परंतु अन्नदान हे काम धनिकांची मंडळे आपल्यापेक्षा अधिक थाटात करतात, त्यांचे फलकही मोठे असतात. शासनाला हेच हवे आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोषण आहारातील अंड्यांचा निधी बंद केला आणि अंडी हवी असतील तर लोकसहभागातून मिळवा असे शाळांना सांगितले. ‘लोकसहभाग’ या गोंडस शब्दाचा अर्थ एवढाच की हक्काचे अंडे दात्याच्या लहरीवर टाकले. आपण वर्गणीची खिचडी शिजवून त्याच धोरणाला हातभार लावणार काय? १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी स्वस्त तेलाचे वाटप केले नाही. लाटणी उगारून सरकारला जाब विचारला.

तेव्हा येत्या मे महिन्यापूर्वी बुवापाड्यात आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या अशा प्रत्येक वस्तीत घरोघर जाऊन सहा ते चौदा वर्षांची किती मुले सुट्टीत येथेच राहतात, याची यादी करावी. ती यादी घेऊन पालक आणि स्वयंपाकिणी यांचा मोर्चा नगरपालिकेवर न्यावा; महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीतून पहिला उन्हाळा पार पाडण्याची मागणी करावी. प्रांताधिकाऱ्यांकडे दुसरे निवेदन द्यावे, त्यात मागणी एकच असावी: पाचव्या कलमातून ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ हे शब्द काढून टाका. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये.