शुश्रूषागृहातील औषधांचे कपाट

खासगी शुश्रूषागृहांच्या दरांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तेथील औषधांच्या कपाटाविषयी क्वचितच कोणी बोलतो. वस्तुतः रोग्याचा जीव त्या कपाटावरही तितकाच अवलंबून असतो.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे लागते. ते गोठले वा फार तापले तर निकामी होते. कुपी मात्र बाहेरून तशीच दिसू शकते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ते इतर कुप्यांपासून वेगळे, कुलपात ठेवावयाचे असते. भरून ठेवलेल्या सिरिंजवर औषधाचे नाव, मात्रा व वेळ यांची चिठ्ठी नसेल, तर पाळी बदलल्यावर आत काय आहे हे कोण सांगणार?

चूक घडली की दोष परिचारिकेच्या माथी मारला जातो. पण अल्प वेतनावर, अपुऱ्या प्रशिक्षणानिशी, सलग बारा तास तिला राबविणारा कोण? पात्र मनुष्यबळात काटकसर केल्याने होणारी बचत मालकाच्या पदरात पडते, जोखीम मात्र रोग्याच्या. अर्थशास्त्राच्या भाषेत हा खर्च दुसऱ्यावर ढकलण्याचाच प्रकार होय. औषधविषयक चुकांची जागतिक किंमत वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली मांडला. चिठ्ठी, कुलूप आणि तपमापक यांची किंमत त्यापुढे ती काय!

कायदा नाही असे नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. परंतु तपासणीवाचून कायदा म्हणजे कागदच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि १४ रुग्ण दगावले. खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सडलेली साखळी न्या. लेन्टिन आयोगाने उघडी केली. सरकारी असो वा खासगी, देखरेख ढिली पडली की बळी गरिबाचाच जातो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: नोंदणीच्या नूतनीकरणापूर्वी औषधसाठ्याची प्रत्यक्ष तपासणी व्हावी, शीतकपाटाच्या तपमानाची दैनंदिन नोंद राहावी, रोग्याच्या हाती पडणाऱ्या पुडीवर नाव, मात्रा व मुदत मराठीत लिहिलेली असावी, आणि चूक कळविणाऱ्या परिचारिकेला नोकरीचे संरक्षण मिळावे. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन नगरपालिका व जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे जावे, आणि परिचारिकांना बरोबर घेऊनच जावे. त्यांच्या श्रमाचा प्रश्न आणि रोग्याच्या जिवाचा प्रश्न हे दोन नाहीत.