अणुकेंद्राची टेकडी आणि अंदाजांचे अंतर

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने जुलै २०२४ मध्ये एक लक्षणीय घोषणा केली. प्लुटोनियमवर टायटॅनियमच्या अणुकेंद्रांचा मारा करून ११६व्या मूलद्रव्याचे, म्हणजे लिव्हरमोरियमचे, दोन अणू मिळाले. त्यासाठी हा मारा २२ दिवस चालला. मूलद्रव्य जुनेच, वाट मात्र नवी. ११८व्या मूलद्रव्यापर्यंत पोहोचवणारा कॅल्शियम-४८चा मारा त्यापुढे निरुपयोगी ठरतो, कारण त्यासाठी लागणारे आइन्स्टाइनियम वा फर्मियम पुरेशा प्रमाणात उपलब्धच नाही. बर्कलेचे लक्ष्य आता १२०वे मूलद्रव्य आहे. अशा शोधात कोणती जोडी निवडावी आणि किती महिने थांबावे, हे ठरते आधीच्या गणितावर. त्या गणिताच्या गाभ्याशी आहे विखंडनाचा अडथळा.

ही कल्पना बोर आणि व्हीलर यांनी १९३९ मध्ये मांडली. अणुकेंद्र हा जणू द्रवाचा थेंब. पृष्ठताण त्याला गोल राखतो, तर प्रोटॉनांमधील प्रतिकर्षण त्याला ताणते. दुभंगण्यापूर्वी ऊर्जेची जी टेकडी ओलांडावी लागते, तोच हा अडथळा. युरेनियममध्ये तिची उंची सुमारे सहा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मंद न्यूट्रॉन शोषताच युरेनियम-२३५ला पुरेशी ऊर्जा मिळते. युरेनियम-२३८ला ती थोडक्यात अपुरी पडते. अणुभट्टीच्या इंधनाचे सारे अर्थकारण या फरकावर उभे आहे.

परंतु अतिजड मूलद्रव्यांत थेंबाची ही टेकडी जवळजवळ सपाट होते. निव्वळ थेंबाच्या नियमाने ती क्षणभरही टिकू नयेत. ती टिकतात ती प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या कवचरचनेमुळे. सोव्हिएत शास्त्रज्ञ स्ट्रुटिन्स्की यांनी १९६७ मध्ये ही कवचदुरुस्ती थेंबाच्या गणितात बसवली आणि जड केंद्रांत टेकडीला दोन शिखरे असल्याचे दाखवून दिले.

मतभेद येथूनच सुरू होतात. पुढचे स्थैर्य ११४ प्रोटॉनांपाशी, १२०पाशी की १२६पाशी, यावर प्रतिमानांचे एकमत नाही. एकाच केंद्राच्या अडथळ्याबाबतचे अंदाज कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टनी भिन्न येतात. त्यातील एकाचाही फरक आयुर्मान हजारो, प्रसंगी लाखो पटींनी बदलू शकतो. शिवाय नवजात केंद्र तप्त असते. उत्तेजन-ऊर्जा वाढते तसा कवचांचा प्रभाव ओसरतो, हे राममूर्ती, कपूर आणि कटारिया या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९७० मध्येच मांडले होते. म्हणजे थंड केंद्राची उंची अचूक काढली, तरी निम्मेच काम होते.

मग या अंदाजांवर विसंबायचे कसे? एकच आकडा पुढे करणाऱ्या प्रतिमानापेक्षा आपली अनिश्चितता उघड मांडणारे प्रतिमान अधिक उपयोगी, हे त्याचे उत्तर. प्रयोगात काहीच हाती लागले नाही, तर दोष जोडीचा की गणिताचा, हे अन्यथा कळणारच नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत जड मूलद्रव्ये कशी घडतात, हे समजून घेण्यासाठीही हेच अडथळे लागतात. तेथील बहुतेक केंद्रे तर प्रयोगशाळेत घडवताच येत नाहीत. महागड्या यंत्रांना निधी मिळतो, त्यांची बातमीही होते. त्यांना दिशा देणाऱ्या सिद्धान्ताकडे आणि संगणनाकडे दुर्लक्ष करणे मात्र कोणत्याही देशाला परवडणारे नाही.