तोंडीलावणे

आमच्या स्वयंपाकघरात माझ्याकडे दोनच कामे सोपवलेली आहेत. वरच्या फळीवरचा डबा काढून देणे, आणि खालच्या फळीवरचा डबा सापडत नाही असे सांगणे. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी ही योग्यता ठाऊक आहे. त्यामुळे मी आज एक पाककृती सांगणार आहे हे वाचून त्यांनी पान उलटले तर मी त्यांना दोष देणार नाही. पण ज्या पदार्थाला विस्तवच लागत नाही, त्यात मराठीच्या प्राध्यापकाच्या हातून होऊन होऊन काय बिघडणार, असे मला वाटले होते. पुष्कळ बिघडते.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत आणि पाडव्याच्या संध्याकाळी चौघांनी एकाच्या घरी जमायचे अशी प्रथा आहे. गेल्या वर्षी पाळी आमची होती. सौ.ने चकल्या, कडबोळी, अनारसे, चिवडा असे सगळे यथासांग केले आणि वसुबारसेच्या दिवशी जाहीर केले, "पाडव्याला संध्याकाळी शेगडी पेटणार नाही. मी चार दिवस कढईपुढे उभी आहे. त्या दिवशी जे काय करायचं ते तुम्ही बापलेकींनी करा."

आमची कन्या नववीत आहे. तिने एका क्षणात निकाल दिला, "बाबा, आपण टोमॅटो-चीजचं डिप करू. शिजवायचं नाही, तळायचं नाही. मध्ये एक मोठा वाडगा ठेवायचा. चकली घ्यायची, बुडवायची, खायची."

मी अर्थातच पहिल्यांदा शब्दाकडे वळलो. डिपला मराठीत काय म्हणावे? चटणी म्हणावी तर चटणी ताटात डावीकडे चिमूटभर बसते. ती अशी वाडगाभर मिरवत नाही. कोशिंबीर म्हणावी तर ती पोळीशी किंवा भाताशी संसार करते. ‘कालवण’ हा शब्द जवळ येतो, पण त्यात भाकरी कुस्करतात. कन्येने ‘बुडवण’ असा शब्द सुचवला. तो ऐकून मला बँका आठवल्या. शेवटी मी ‘तोंडीलावणे’ या शब्दावर स्थिरावलो. त्याला स्वतःचे पोट भरायची महत्त्वाकांक्षा नाही. दुसऱ्या घासाला चव आणणे एवढेच त्याचे काम. तसे पाहिले तर या पदार्थातले निम्मे शब्द प्रवासीच. टोमॅटो हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून जगभर फिरत आपल्याकडे आला. विदर्भात त्याला भेदरं म्हणणारी माणसे आहेत, म्हणून तो काही विदर्भातला होत नाही. आणि चकलीबरोबर जो पाव ठेवायचा ठरला होता, तो पोर्तुगिजांचा.

हे सगळे मी आत्याला सांगत होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी. चौतीस वर्षे एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाली, लग्न केले नाही, आणि गेली नऊ वर्षे आमच्याकडे आहे. मला मराठीची गोडी लागली ती तिच्या कपाटातल्या पुस्तकांमुळे. मला वाटले, वाडग्याची कल्पना तिला आवडेल. ती म्हणाली, "एका वाडग्यात दहाजणांनी हात घालायचे? मला नाही बाई जमायचं. मी आपली माझ्या खोलीत बरी."

झाले, मला व्याख्यानाला विषय मिळाला. आत्याला उष्ट्याखरकट्याचा विटाळ वाटतो आहे असे समजून मी थेट १८४९ सालात गेलो. दादोबा पांडुरंगांनी मुंबईत परमहंस सभा काढली ती त्या सुमारास. जातिभेद मोडू इच्छिणाऱ्यांची ही गुप्त मंडळी. सभासद व्हायचे तर परधर्मीयाच्या हातचा पाव आणि पाणी घ्यावे लागे. १८६० साली सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. म्हणजे आपल्याकडे पावाच्या एका तुकड्यासाठी माणसे गुप्त सभा भरवत होती, आणि दिवाळीच्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर एका वाडग्यात चकली बुडवायला तू नाही म्हणतेस?

आत्याने ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादोबांचं व्याकरण १८३६ सालचं. ते मी तुझ्या आधी वाचलंय, बंडू." आणि ती उठून खोलीत गेली.

तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. जी बाई शाळेच्या सहलीत कुणाच्याही डब्यातले खात असे, जिने आमच्या घरात कपबशा वेगळ्या ठेवण्याची रीत माझ्या आजीशी भांडून बंद केली, ती एकाएकी सोवळी कशी होईल? पण व्याख्यान देणाऱ्याला समोरच्याचे दिसत नाही, हा माझा वर्गातलाही अनुभव आहे.

धनत्रयोदशीला रंगीत तालीम केली. टोमॅटो चिरले, चीज किसले, दही घातले, मीठ घातले, ढवळले. पाच मिनिटे फार सुंदर दिसले. दहाव्या मिनिटाला वाडग्यात वर गुलाबी पाणी आणि खाली चीजचे तुकडे अशी फाळणी झाली. कन्येने चकली बुडवली. चकली मऊ पडली, आणि वाडग्यापासून तिच्या तोंडापर्यंत टेबलावर थेंबांची एक रांग उमटली. आत्या दारात उभी राहून पाहत होती. एवढेच म्हणाली, "गळतंय रे ते." आणि गेली.

मी फडके शोधू लागलो. कन्या टेबलाकडे पाहतच म्हणाली, "बाबा, आत्याआजी म्हणून नको म्हणते."

"म्हणून म्हणजे?"

"तिचा हात हलतो ना. गळतं. ती आता वरण-भात पण खात नाही. पोळीचा लाडू करून खाते. चहासुद्धा अर्धाच कप घेते."

आत्याचा हात थरथरतो हे आम्हाला सर्वांना माहीत होते. डॉक्टर झाले होते, गोळ्या चालू होत्या. पण गणपतीपासून ती ताट घेऊन खोलीत जाते आणि दार लोटून घेते, ते टीव्हीवरच्या मालिकेसाठी, असे मी समजून चाललो होतो. मालिका कोणती हे मी एकदाही विचारले नव्हते. आणि या बाईला मी उदार आचारविचारांवर व्याख्यान दिले होते.

त्या रात्री मी पाककृतीचा अभ्यास सुरू केला. इतका अभ्यास मी विद्यापीठाच्या परीक्षेसाठीही केला नव्हता. प्रश्न एकच होता: हे घट्ट कसे करायचे? वाडगा उलटा केला तरी पडू नये इतके घट्ट.

पहिली गोष्ट कळली ती मिठाची. चिरलेल्या टोमॅटोला मीठ लावले की ते त्याच्यातले पाणी बाहेर ओढते. आपण काकडीची कोशिंबीर करताना पिळून घेतो ते याचसाठी. माझी चूक ही की मी हे पाणी वाडग्यातच सुटू दिले. ते आधीच सोडवून बाजूला काढायचे. मग वाटले, बियांचा गरही टाकून द्यावा, म्हणजे प्रश्नच मिटला. पण तिथे विज्ञान आडवे आले. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की टोमॅटोची जी खमंग, रसरशीत चव आपल्याला आवडते ती आणणारे ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत भागात कितीतरी अधिक असते. ही चव म्हणजे गोड, आंबट, खारट, कडू यांच्याहून निराळी अशी चव, असे इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली सांगितले आणि तिला ‘उमामी’ म्हटले. मुरलेल्या चीजमध्येही ती भरपूर असते, म्हणून तर या दोघांचे इतके जमते. तेव्हा बिया टाकायच्या नाहीत. गाळून जे पाणी निघेल तेही टाकायचे नाही. त्याची हकीगत पुढे येईल.

दुसरी गोष्ट दह्याची. दही नको, चक्का हवा. श्रीखंडाला करतो तसा रात्रभर टांगलेला. हे उत्तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला लोंबकळत होते.

आता कृती. दहाबारा माणसांना अर्धा किलो टोमॅटो पुरतात. लालबुंद पण टणक घ्यावेत, आणि ते फ्रिजमध्ये ठेवू नयेत. फार थंडीत त्यांचा सुवास मरतो. बारा अंशांखाली ठेवलेल्या टोमॅटोतली सुगंधी द्रव्ये घटतात असे अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधनात २०१६ साली आढळले. (भावाबद्दल मी काही लिहीत नाही. २०२३ च्या जुलैत शंभर रुपये किलोच्या वर गेलेले हेच फळ एरवी शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही न सुटल्याने रस्त्यावर ओतावे लागते. त्यावर लिहायला निराळे सदर हवे.) टोमॅटो स्वच्छ धुऊन, पुसून, अगदी बारीक चिरावेत. पाऊण चमचा मीठ लावून चाळणीत घालावेत, खाली पातेले ठेवावे आणि अर्धा तास त्यांच्याकडे पाहू नये. मग हाताने हलकेच दाबावेत.

चीजचे पाच चौकोनी तुकडे बारीक किसणीवर किसून, वाटीभर चक्क्यात मिसळून ते पुरणयंत्रातून काढावे. ही सूचना सौ.ची. लोण्यासारखे मऊ होते आणि गुठळी राहत नाही. त्यात टोमॅटो, चमचाभर तेल, भरड मिरपूड, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर. जिऱ्याची भाजलेली पूड डब्यात तयार होती म्हणून घातली; शेगडी न पेटवण्याचा नियम मोडला नाही. वरून मीठ मुळीच घालू नये, चीज स्वतःच खारट असते. लसूण छान लागला असता, पण समोरचे कुटुंब लसूण खात नाही. एकच वाडगा ठेवायचा तर त्यात सगळ्यांचे हात जाता आले पाहिजेत. त्याच काकूंनी चीजबद्दलही विचारले होते, आणि ते बरोबरच होते. दूध विरजायला पूर्वी वासराच्या जठरातले रेनेट वापरीत, काही देशांत अजून वापरतात. मी त्यांना पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवला.

दुसरी तालीम लक्ष्मीपूजनाच्या सकाळी झाली. मी वाडगा आत्याच्या खोलीत नेला, दार लोटले आणि काही न बोलता तो उलटा केला. तो माझ्या हातात तसाच राहिला. एक थेंबही खाली आला नाही. आत्याने माझ्याकडे पाहिले, मग वाडग्याकडे पाहिले. चौतीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेली बाई. तिला काय समजायचे ते समजले.

"चकलीनं नको," ती म्हणाली. "चकली मोडते हातात. कडबोळं दे." कडबोळ्याला कडे असते. त्यात बोट अडकवता येते, ते निसटत नाही. हे मला सुचले नव्हते.

पाडव्याला संध्याकाळी अकराजण जमले. मध्ये वाडगा, भोवती चकल्या, कडबोळी, पावाचे तुकडे, काकडी आणि गाजराच्या फोडी. आत्या येईल की नाही, मला खात्री नव्हती. ती आली, आणि आपण होऊन वाडग्याजवळच्या खुर्चीवर बसली. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर रेशमी झब्बा घालून आले होते. त्यांनी मोठ्या उत्साहाने चकली खुपसली. ती तिथेच मोडली, निम्मी वाडग्यात राहिली आणि निम्मीवरचा गोळा थेट झब्ब्यावर आला. सगळे हसले. आत्याही हसली, जरा जास्तच वेळ.

मग तिने कडबोळे उचलले. हात थरथरत होता, नेहमीपेक्षा अधिकच. वाडग्याच्या काठावर कडबोळे दोनतीनदा टकटक वाजले. माझी कन्या मॅनेजरकाकांना झब्ब्याचा डाग कसा काढायचा ते अगदी त्याच वेळी मोठ्याने सांगू लागली. पोरीला हे कुणी शिकवले मला ठाऊक नाही. कडबोळे तोंडापर्यंत पोहोचले. आत्याने ते चावले, अर्धे राहिलेले पुन्हा वाडग्याकडे नेले, आणि माझ्याकडे पाहून थांबली.

"उष्टं आहे," ती म्हणाली. "तुझ्या परमहंसांना चालेल का रे?"

मी वाडगा तिच्याकडे सरकवला.

रात्री भांडी आवरताना तिने आतून हाक मारली. "बंडू, ते टोमॅटोचं पाणी ओतून नाही ना दिलंस?"

नव्हते दिले. दोन्ही वेळचे मिळून दोनतीन वाट्या फ्रिजमध्ये होते.

"मग उद्या सार कर त्याचं. मिठाकडे लक्ष दे, त्यात आधीच आहे."

"भातावर घेशील?" मी विचारले.

"पिईन वाटीतून," ती म्हणाली. "काठोकाठ भरू नकोस म्हणजे झालं. आणि ताट बाहेर मांड."