सेन्सेक्समध्ये यवतमाळ नाही

२ एप्रिल २०२५ रोजी व्हाइट हाउसच्या रोज गार्डनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एक भला मोठा फलक हातात धरला आणि देशांची हजेरी घ्यावी तशी नावे वाचली. चीन ३४ टक्के, व्हिएतनाम ४६, भारत २६, आफ्रिकेतला चिमुकला लेसोथो ५०. सोबतच्या तपशीलवार यादीत हर्ड आणि मॅकडोनल्ड ही बेटेही होती. तिथे माणसे राहत नाहीत, पेंग्विन राहतात. त्यांनाही १० टक्के लागले. या आकड्यांमागे काही गहन अर्थशास्त्र असेल असे वाटणाऱ्यांची लवकरच निराशा झाली. एखाद्या देशाबरोबरच्या मालव्यापारात अमेरिकेला जितकी तूट, तिला त्या देशाकडून येणाऱ्या आयातीने भागायचे आणि उत्तर निम्मे करायचे, एवढेच ते गणित होते.

पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक दहा टक्क्यांहून अधिक घसरला. सोमवारी, ७ एप्रिलला, आशियातले बाजार उघडले तेव्हा हाँगकाँगचा हँगसेंग १३ टक्क्यांनी कोसळला. मुंबईत सेन्सेक्स दिवसभरात एका क्षणी ३,९०० अंशांहून अधिक खाली गेला आणि २,२२६ अंश गमावून बंद झाला. त्या दिवशी अनेक घरांत म्युच्युअल फंडाचे ॲप उघडायची हिंमत कोणी केली नाही.

ट्रम्प मात्र शेअर बाजाराच्या पडझडीने हलले नाहीत. कधी कधी औषध घ्यावे लागते, असे ते म्हणाले. त्यांना हलवले ते दुसऱ्याच बाजाराने.

जगात कुठेही घबराट झाली की गुंतवणूकदार शेअर विकतात आणि अमेरिकी सरकारचे कर्जरोखे घेतात. तिथले पैसे बुडत नाहीत, असा जुना विश्वास. या खेपेला उलटे झाले. रोख्यांचीच विक्री सुरू झाली, डॉलरही घसरला. रोख्याचा भाव पडला की त्यावरचा परतावा चढतो. दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा काही दिवसांत चार टक्क्यांच्या खालून साडेचार टक्क्यांपर्यंत गेला. ज्या सरकारच्या डोक्यावर तेव्हा सुमारे ३६ लाख कोटी डॉलरचे कर्ज होते आणि जे जुने कर्ज फेडायला सतत नवे काढते, त्याच्यासाठी अर्धा टक्का ही किरकोळ गोष्ट नाही. ९ एप्रिलला सकाळी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर लिहिले की खरेदीसाठी ही उत्तम वेळ आहे. काही तासांनी त्यांनी चीन वगळता बहुतेक देशांवरचे वाढीव शुल्क ९० दिवस पुढे ढकलले. एस अँड पी ५०० त्या एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. सकाळचा सल्ला कोणी कोणी मनावर घेतला होता, हा प्रश्न अमेरिकी संसदेत विरोधकांनी विचारला. माघारीचे कारण मात्र ट्रम्प यांनी स्वतःच सांगून टाकले: रोखे बाजारातली मंडळी अस्वस्थ व्हायला लागली होती.

अर्थतज्ज्ञांचा विरोध, मित्रदेशांचा संताप, उद्योगपतींची आर्जवे यांना दाद न देणारा अध्यक्ष रोखे बाजारापुढे आठवड्याभरात नमला. अनेकांना याचा दिलासा वाटला. लोकशाहीतले बाकीचे लगाम सैल पडले तरी बाजाराचा लगाम शाबूत आहे, असे लिहिले गेले. ब्रिटनचा दाखला ताजाच होता. २०२२ च्या सप्टेंबरात लिझ ट्रस यांच्या सरकारने पैशांची सोय न सांगता करकपात जाहीर केली, रोखे कोसळले आणि पुढच्याच महिन्यात ट्रस यांना पायउतार व्हावे लागले.

पण हा दिलासा फसवा होता. मे महिन्यात ‘फायनान्शियल टाइम्स’चे स्तंभलेखक रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी एक शब्द रूढ केला: ‘टॅको’, म्हणजे ‘ट्रम्प ऑलवेज चिकन्स आउट’. हा गृहस्थ धमकी देतो आणि ऐन वेळी शेपूट घालतो, हे एकदा बाजाराला कळले की पुढच्या धमकीला बाजार पडत नाही. आणि बाजार पडत नाही म्हटल्यावर धमकी मागे घेण्याची निकड उरत नाही.

याचा फटका कोणाला बसला, ते ऑगस्टमध्ये दिसले. रशियाकडून तेल घेतल्याचा ठपका ठेवून भारतावर आधीच्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के लादण्यात आले. ते लागू झाले २७ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी. दलाल स्ट्रीटला सुट्टी होती. न्यूयॉर्कमध्ये मात्र बाजार सुरू होता आणि त्याच दिवशी एस अँड पी ५०० विक्रमी पातळीवर बंद झाला. एप्रिलमध्ये जो कोसळला होता, त्या बाजाराने भारतावरच्या ५० टक्क्यांची दखलही घेतली नाही.

मुंबईच्या बाजाराने तरी किती घेतली? आदल्या दिवशी सेन्सेक्स ८४९ अंश पडला, सुट्टीनंतर आणखी सातशेच्या वर. नोव्हेंबर संपेपर्यंत तो पुन्हा ८५ हजारांच्या पुढे होता. परदेशी संस्था विकत होत्या, पण म्युच्युअल फंडांच्या ‘एसआयपी’तून दरमहा सुमारे २९ हजार कोटी रुपये येत होते आणि त्या पैशाने विक्री पचवली. पुण्या-नाशिकच्या नोकरदारांनी बाजार सावरून धरला, याचे कौतुक झाले. ते योग्यही आहे. मात्र निर्देशांक सावरला म्हणजे अर्थव्यवस्थेला काही झाले नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो अगदी सहज काढला गेला.

सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या आहेत. त्यांत मोठा वाटा बँकांचा. त्यांचा धंदा देशातला. माहिती तंत्रज्ञान कंपन्या अमेरिकेवर जगतात, पण शुल्क मालावर लागते, सेवांवर नाही. औषधे आणि स्मार्टफोन यांना या शुल्कातून वगळले होते. मग मार बसला कोणाला? तिरुपूरच्या होजियरी कारखान्यांना, सुरतेच्या हिरे कारागिरांना, अंधेरीच्या ‘सीप्झ’मध्ये अमेरिकी दुकानांसाठी दागिने घडवणाऱ्यांना, आंध्रच्या कोळंबी उत्पादकांना. यातले बहुतेक उद्योग लहान आहेत, शेअर बाजारात त्यांची नोंदणीच नाही. त्यांच्या ऑर्डर रद्द झाल्या तरी कोणत्याही पडद्यावर लाल आकडा उमटत नाही. २०२४-२५ मध्ये भारताने अमेरिकेला सुमारे साडेशहाऐंशी अब्ज डॉलरचा माल विकला. हातांना सर्वाधिक काम देणाऱ्या मालालाच यात सर्वाधिक मार बसला, आणि सेन्सेक्सला तो जवळजवळ दिसलाच नाही.

आणि मग विदर्भातले, कापसाचे यवतमाळ.

७ ऑगस्टला दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितले की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी बेहत्तर. टाळ्या पडल्या. ११ दिवसांनी, १८ ऑगस्टला, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. दहा दिवसांनी ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

ही माफी मागणाऱ्या कापड गिरण्यांची बाजू खोटी नव्हती. बांगलादेश आणि व्हिएतनामवर तेव्हा अमेरिकेचे शुल्क २० टक्के, भारतावर ५०. त्यात देशातली रुई जागतिक भावापेक्षा महाग. तिरुपूरच्या निर्यातदाराने टिकायचे तर कच्चा माल तरी स्वस्त मिळायला हवा, हे म्हणणे रास्तच. पण त्याला सवलत द्यायचे मार्ग अनेक होते: व्याजात सूट, थेट निर्यात अनुदान, कामगारांच्या पगाराला आधार. सरकारने तो मार्ग निवडला ज्याचा भार तिजोरीवर कमी आणि कापूस पिकवणाऱ्यावर जास्त पडतो.

वेळही पाहण्यासारखी आहे. देशात सर्वाधिक कापूस महाराष्ट्रात लावला जातो. विदर्भात दसऱ्याच्या आगेमागे सीतादही होऊन वेचणी सुरू होते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत लहान शेतकऱ्याचा बराचसा कापूस घरातून बाहेर पडतो. देणी तोपर्यंत थांबत नाहीत, कृषी केंद्राची उधारी तर नाहीच. नेमक्या त्याच तीन महिन्यांत आयातीचे दार उघडे राहिले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. खासगी व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी होती, पण त्यासाठी ॲपवर नोंदणी हवी, कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि आधी पावसाने झोडपलेल्या बोंडात तो इतका कमी कुठून असणार? अकरा टक्क्यांची माफी ३१ डिसेंबरला संपली. तोवर ज्याला थांबणे परवडत नव्हते त्याने विकून टाकले होते. शुल्क परत लागल्याचा फायदा ज्याच्या गोदामात गाठी होत्या त्याला.

तिरुपूरचा निर्यातदार दिल्लीत शिष्टमंडळ नेऊ शकतो, त्याची संघटना आहे, सेन्सेक्समध्ये नसला तरी त्याचा आवाज मंत्रालयापर्यंत जातो. शेतकऱ्याचा आवाज निवडणुकीत पोहोचतो, म्हणजे पोहोचलाच तर. महाराष्ट्राला याचा ताजा अनुभव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. पुढच्या लोकसभेला नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. कांद्याचा राग मतपेटीत उतरला, पण भाव पडल्यानंतर कित्येक महिन्यांनी.

अमेरिकेतही हेच घडत आले आहे. आयात शुल्काचा कायदा सिनेटर स्मूट आणि प्रतिनिधी हॉली यांनी १९३० मध्ये आणला तेव्हा एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना सही करू नका म्हणून विनवले. हेन्री फोर्ड यांनी व्हाइट हाउसमध्ये जाऊन त्याला आर्थिक मूर्खपणा म्हटले. हूव्हर यांनी सही केली. कॅनडाने आणि युरोपने उलट शुल्क लावले, जगाचा व्यापार आक्रसला. १९३२ मध्ये हूव्हर, स्मूट, हॉली तिघेही घरी गेले. त्यानंतर अमेरिकी संसदेने शहाणपण म्हणून १९३४ मध्ये शुल्काबाबत वाटाघाटींचा मोठा अधिकार अध्यक्षाकडे सोपवला. खासदार आपापल्या मतदारसंघातल्या कारखान्यासाठी भांडतात, अध्यक्ष देशाचा विचार करेल, असा त्यामागचा तर्क. नव्वद वर्षांनी त्याच तर्काचे काय झाले ते सगळे पाहतच आहेत.

शुल्क लावणाऱ्याला राजकीय फायदा होतो, हा समजही तपासून पाहावा. २०२५ च्या सुरुवातीला कॅनडात पिएर पॉलिएव्ह यांचा हुजूर पक्ष जनमत चाचण्यांत वीस टक्क्यांहून पुढे होता. ट्रम्प यांनी शुल्क लावले, वर कॅनडाला ५१ वे राज्य करण्याची भाषा केली. २८ एप्रिलला मार्क कार्नी यांचा लिबरल पक्ष सत्तेत परतला आणि पॉलिएव्ह स्वतःची जागाही हरले. ब्राझीलवर ५० टक्के लादताना तिथले माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला थांबवा अशी अट घातली गेली. अध्यक्ष लुला यांची घसरलेली लोकप्रियता सावरली आणि बोल्सोनारो यांना शिक्षा व्हायची ती झालीच. ज्याच्या मदतीला ट्रम्प धावले, तोच बुडाला.

घरातही तेच. शुल्क परदेश भरतो, असे अमेरिकी मतदाराला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते अमेरिकेतला आयातदार बंदरावर भरतो आणि पुढे जमेल तितके गिऱ्हाइकावर ढकलतो. ४ नोव्हेंबर २०२५ ला व्हर्जिनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात रिपब्लिकनांचा पराभव झाला. प्रचारात महागाईचाच मुद्दा होता. दहा दिवसांत कॉफी, केळी, गोमांस यांवरचे शुल्क काढून टाकले गेले. शुल्काने भाव वाढत नाहीत, हे म्हणणे कॉफीपुरते तरी खुद्द सरकारनेच खोडून काढले. चीनने अमेरिकी सोयाबीन घेणे थांबवल्यावर आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्यांसाठी डिसेंबरात १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. शुल्क वसूल करायचे आणि शुल्काने पोळलेल्यांना वाटायचे.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन अध्यक्षाला अशी शुल्के लावता येत नाहीत. ट्रम्प यांनी लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार शोधला. तेव्हा हा खेळ इतक्यात संपणारा नाही आणि भारतातल्या गिरण्यांवर, निर्यातदारांवर पुन्हा अशी वेळ येणार आहे.

ती येईल तेव्हा कापसाच्या शेतकऱ्याने काय मागावे, हे आजच ठरवता येते. खरिपाचे हमीभाव पेरणीआधी, मे-जूनमध्ये जाहीर होतात. त्याच दिवशी त्या पिकांवरचे आयात शुल्कही पुढच्या हंगामापुरते जाहीर करावे. मधेच ते बदलण्याची खरोखर गरज पडली तर भावातला फरक सरकारने शेतकऱ्याच्या खात्यात भरावा, निर्यातदाराला मदत तिजोरीतून द्यावी. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. पुढच्या अधिवेशनात त्यांतल्या एकाने तरी ही मागणी लेखी मांडावी.