घुमणारा की कोरडा?

गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये रिव्हर्ब असावा की नसावा, या विषयावर एका निवृत्त मास्तराने मत द्यावं, आणि तेही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, याची काही जणांना गंमत वाटेल. वाटू दे. माझं मत ठाम आहे. जो माणूस आपला पहिला चांगला ॲम्प घेतोय आणि जास्त करून घरीच वाजवणार आहे, त्याने रिव्हर्ब नसलेला घ्यावा. पटलं नाही तर वाद घाला, मास्तरांना सवय असते.

विषय निघाला तो आमच्या नातीमुळे. ती नोकरी करते, संध्याकाळी गिटार वाजवते, जुनी भावगीतं स्वतःच्याच साथीवर गाते. वर्षभर पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तिने आता व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचं ठरवलंय. (हो, तेच व्हॉल्व्ह, जे आपल्या लहानपणी रेडिओत असायचे आणि तापल्याशिवाय बोलायचे नाहीत. गिटारवाल्यांनी ते अजून सोडलेले नाहीत!) बघता बघता यादीत दोनच डबे उरले. दोन्ही फेंडर कंपनीचे, दोन्ही 15 वॅटचे. एक प्रो ज्युनियर : 10 इंची स्पीकर आणि बटणं फक्त दोन, एक आवाजाचं, एक टोनचं. संपलं. दुसरा ब्लूज ज्युनियर : 12 इंची स्पीकर, बटणांची रांग, आणि त्या रांगेत एक बटण रिव्हर्बचं. दुसरा अर्थातच महाग. पैसे एकदाच खर्च होणार आणि पुढची निदान आठ-दहा वर्षं तोच डबा घरात वाजणार, म्हणून घरात रोज चर्चा.

रिव्हर्ब म्हणजे काय, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, फक्त नाव वेगळं होतं. प्रतिध्वनी आणि निनाद. समोरची भिंत निदान 17 मीटर लांब असेल तर आपला आवाज सुटा परत ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. भिंती जवळ असतील तर परत येणारे असंख्य आवाज एकमेकांत मिसळतात आणि मूळ आवाजाला शेपूट फुटल्यासारखं होतं, तो निनाद. आपण साध्या भाषेत म्हणतो, ‘आवाज घुमतो’. देवळाच्या गाभाऱ्यात घुमतो, रिकाम्या नव्या फ्लॅटमध्ये घुमतो, आणि त्याच फ्लॅटमध्ये गाद्या, पडदे, कपाटं आली की घुमायचा थांबतो.

ते घुमणं डब्यात कसं बसवायचं? याची युक्ती मला फार आवडली. एका पत्र्याच्या पेटीत, जेमतेम दीड फूट लांबीच्या, दोन-तीन बारीक स्प्रिंगा ताणून लावलेल्या असतात. गिटारचा आवाज एका टोकाला स्प्रिंगला हलवतो, ती थरथर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो, तिथून ती परत फिरते, पुन्हा येते, असं करत विरत जाते. दुसऱ्या टोकाला ती पकडून मूळ आवाजात मिसळायची. झालं देऊळ तयार! चालू डब्याला चुकून लाथ लागली तर आतून ढग गडगडल्यासारखा जो आवाज येतो, तो या स्प्रिंगांचा.

ही युक्ती मुळात गिटारसाठी नव्हतीच. अमेरिकेत हॅमंड नावाचे ऑर्गन निघाले. लोक ते चर्चमध्ये ऐकायचे आणि घरी आणायचे. घरी गालिचे, सोफे, पडदे. ऑर्गन तोच, पण चर्चमधला आवाज काही येईना. तेव्हा हॅमंडने बेल लॅबोरेटरीची एक कल्पना उचलली. लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत दाखवण्यासाठी तिथे स्प्रिंगा वापरल्या होत्या. पुढे हॅमंडनेच लहान आकाराची पेटी काढली आणि ती गिटारवाल्यांच्या हाती लागली. ॲम्पेग कंपनीने 1961 मध्ये ती ॲम्पच्या आत बसवली. फेंडरने त्याच वर्षी तिचा वेगळा डबा काढला आणि 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्ब या मॉडेलपासून ॲम्पमध्येच घातली. म्हणजे 1963 पर्यंत फेंडरचे सगळे ॲम्प कोरडे होते, आणि त्यांतले काही आजही लोक शोधत फिरतात. इंग्लंडमध्ये व्हॉक्सचा एसी 30 आणि 1962 चा पहिला मार्शल, हेही कोरडेच. तेव्हा ‘रिव्हर्ब नाही म्हणजे ॲम्प अर्धवट’ हे जे दुकानात ऐकायला मिळतं, त्यात काही अर्थ नाही.

आता मास्तर या भानगडीत का पडला ते सांगतो. माझी बरीचशी नोकरी पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक सभागृहाशेजारी गेली. परिपाठ, बक्षीस समारंभ, वक्तृत्व स्पर्धा, सगळं तिथे. मुलगा पाठ करून आलेलं भाषण जीव तोडून म्हणायचा आणि मागच्या रांगांना नुसती गुंजारव ऐकू यायची. शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीवर जाऊन बसायचा. सहल घेऊन आम्ही विजापूरला जायचो. गोलघुमटात पोरं आपापली नावं ओरडून खूश व्हायची, पण तिथेच उभं राहून आदिलशाहीचा इतिहास सांगायला लागा, चौथ्या वाक्याला तुमचं तुम्हालाच कळेनासं होतं. इतिहास आम्ही बाहेर हिरवळीवर सांगायचो.

हा जो शास्त्राचा भाग आहे, तो सुरूच मुळी एका वर्गामुळे झाला! 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण तिथे शिकवलेलं मुलांना समजत नव्हतं. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते सुधारायला सांगितलं. तो रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचं घड्याळ घेऊन बसायचा. नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज किती वेळाने ऐकू येईनासा होतो ते मोजायचं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत होते. तेवढ्या वेळात मास्तर पंधरा-वीस शब्द बोलून मोकळा होतो, म्हणजे पोरांच्या कानात ते सगळे एकदम! मग जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा आणून त्याने खोलीत मांडल्या, परत मोजलं, आणखी उशा आणल्या, परत मोजलं. त्या हिशेबातून त्याचं सूत्र निघालं, आणि त्याच आधारावर 1900 मध्ये बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. तिथे निनाद दोन सेकंदांच्या आतबाहेर आहे आणि संगीतासाठी तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

म्हणजे घुमणं वाईट नव्हे. बोलण्याला थोडं पुरतं, वाद्यवृंदाला जास्त लागतं. प्रश्न एवढाच आहे, की आमच्या नातीच्या दहा बाय अकराच्या खोलीत, आत्ता, तिला काय ऐकू यायला हवं?

माझ्या दोन्ही कानांत आता यंत्रं आहेत. ज्याला यंत्र आहे त्याला विचारा, घुमणाऱ्या खोलीत बोलणं समजणं किती अवघड जातं. त्यामुळे असेल, पण तिच्या वाजवण्यातली एक गोष्ट मला लगेच टोचते. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना आधीच्या तारा ती वेळेवर दाबत नाही. जुना स्वर लोंबकळत राहतो. मित्राकडचा रिव्हर्बवाला ॲम्प तिने महिनाभर आणला होता, तेव्हा ते लोंबकळणं मला ऐकू येईना. तिलाही येईना. ती म्हणाली, “आजोबा, बघा, वाजवणं किती सुधारलं!” सुधारलं काहीच नव्हतं. सगळ्याच स्वरांना शेपूट आलं होतं, त्यात हे खपून गेलं.

यावर तिचा युक्तिवाद बिनतोड आहे. “अहो, बटण शून्यावर ठेवता येतं ना! ज्यात रिव्हर्ब आहे तो कोरडाही वाजतो. ज्यात नाही तो ओला होणार नाही.” तर्क म्हणून शंभरपैकी शंभर. पण मी चौतीस वर्षं पोरांना शिकवलंय. ‘गाईड दप्तरात असू दे, आधी स्वतः उत्तर लिही, मग बघ’ असं सांगून किती पोरांनी आधी स्वतः लिहिलं, हे मला माहीत आहे. हात वळतो हो! दिवसभर कचेरीत डोकं पिकवून आलेली मुलगी अर्धा तास वाजवायला बसणार. तिला कोरडा, रुक्ष आवाज नको वाटणारच. बटण दोनवर जाईल, मग चारवर.

तिचा दुसरा मुद्दा मला जास्त अडचणीचा वाटला. ती म्हणाली, “तुमच्या सतारीला तरफा असतातच की. तो बिल्ट-इन रिव्हर्बच नाही का?” यावर मी दोन दिवस विचार केला. सतारीला अकरा ते तेरा तरफा, सारंगीला तर तीसच्या वर. त्या मुख्य तारेखाली असतात आणि वर स्वर लागला की आपोआप झंकारतात. दिसायला युक्ती तीच. पण फरक बघा. तरफ एका स्वराला लावलेली असते. तो स्वर नेमका लागला तरच ती जागी होते. वरचा स्वर जरा उतरलेला असेल, तर ती गप्प बसते आणि वादकाला लगेच कळतं. स्प्रिंगेला असला विवेक नाही. सुरातलं, बेसूर, वेळेवरचं, उशिराचं, सगळ्याला ती सारखंच शेपूट लावते. तरफ परीक्षक आहे, स्प्रिंग नुसती वाहवा करणारी. (हे मी तिला ऐकवलं तेव्हा ती हसली, पण पुढे काही बोलली नाही.)

आता कोरड्या डब्याच्या विरोधातलंही सांगायला हवं. आपण गाणं बंद पेटीत ऐकत नाही, खोलीत ऐकतो, आणि लहान, सामानाने भरलेल्या खोलीत हळू आवाजात वाजवलेली गिटार अगदी मेल्यासारखी लागते. शेजारी आहेत, आवाज वाढवता येत नाही. 15 वॅट हा आकडा लहान दिसतो, पण व्हॉल्व्हचे 15 वॅट सोसायटीच्या मीटिंगला विषय पुरवायला भरपूर आहेत! ब्लूज ज्युनियरला मास्टरचं वेगळं बटण आहे, त्यामुळे आवाज हळू ठेवूनही थोडा खरखरीतपणा आणता येतो. प्रो ज्युनियरला ती सोय नाही. आणि ज्यांना 1960 च्या दशकातल्या कॅलिफोर्नियातलं ते समुद्रकिनाऱ्यावरचं, टपटप पाणी ठिबकल्यासारखं गिटार वाजवायचं आहे, त्यांनी माझं काहीएक ऐकू नये. त्यांना स्प्रिंगच हवी.

पण बाकीच्यांना आज एक तिसरा रस्ता आहे. रिव्हर्बचं पेडल. तळहाताएवढी डबी, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायची. देवळाचं घुमणं, हॉलचं, स्प्रिंगचं, हवं ते निवडा. हे संगणकी आहे, खऱ्या स्प्रिंगेसारखं हुबेहूब नाही म्हणणारे आहेत, आणि कान तयार असेल तर फरक कळतोही. त्यात एक मेख आहे, ती मात्र दुकानदार सहसा सांगत नाही. बिल्ट-इन रिव्हर्ब बहुतेक ॲम्पमध्ये पहिल्या टप्प्यानंतर लागतो, म्हणजे गिटारचा आवाज आधी हवा तसा होतो आणि मग त्याला शेपूट येतं. पेडल मात्र ॲम्पच्या आधी येतं. ॲम्प जोरात लावून खरखर काढायची असेल, तर ते शेपूटही खरखरतं आणि सगळा चिखल होतो. काही ॲम्पना यासाठी मागे वेगळी खाच असते, या दोन्हींना नाही. तेव्हा जोरात वाजवणाऱ्याला हा रस्ता अडचणीचा. पण आमची नात घरी स्वच्छ, हळू आवाजात वाजवते. तिला तो पुरेल. शिवाय पेडल कपाटात ठेवता येतं. ते काढायचं, वायरी जोडायच्या, पुन्हा गुंडाळून ठेवायच्या, एवढा कंटाळा मध्ये असला की रोजच्या सरावाला ते निघणार नाही, आणि शनिवारी मित्रमंडळींसमोर गायचं असेल तेव्हा जरूर निघेल. समोर माणसं आहेत, गाणं रंगवायचं आहे, तिथे घुमू दे की खुशाल!

माझं मत मी तिला सांगितलंय. पैसे तिचे, कान तिचे. तिचा कल अजून 12 इंची डब्याकडेच आहे, आणि मोठ्या स्पीकरला खालचे स्वर भरदार येतात हे तिचं म्हणणं खोटं नाही. येत्या रविवारी दोन्ही वाजवून बघायला ती दुकानात जाणार आहे. एवढंच कबूल केलंय, की दोन्हीवर तेच एक गाणं पहिल्या कडव्यापर्यंत वाजवायचं, आवाज सारखा ठेवायचा, आणि ब्लूज ज्युनियरचं ते बटण दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी पहिली दहा मिनिटं शून्यावर ठेवायचं.